गवताच्या दोरीनं अडवलेली वेस

घाट चढून देशावर जाऊन आलेला कोकणी माणूस परतल्यावर महिनाभर फक्त तिथल्या तिखटाबद्दल बोलतो. मीही बोलणार आहे. पण आधी एक खुलासा. मी हौसेनं गेलो नव्हतो. प्रवासानं माणूस शहाणा होतो असं सांगणारे लोक बहुधा स्वतः ओटीवर बसून दुसऱ्याला पाठवत असतात. मी चिपळूणच्या एका शाळेत भूमिती शिकवतो. दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर सरळ रेषेत असतं, एवढं मुलांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पांढरे झाले. घराबाहेर पडायची मला मुळीच आवड नाही. गेलो तो आक्कासाठी.

आक्का माझी थोरली बहीण. तिला कऱ्हाडच्या पुढे कृष्णाकाठच्या एका खेड्यात दिली होती. मेव्हणे तिथे शाळामास्तर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, तरी आक्का तिथेच राहिली. दर वर्षी मी तिला कोकणात चल म्हणायचो आणि दर वर्षी ती "बघू" म्हणायची. तिचा एक डोळा पूर्वीच गेला होता. लढाई संपली त्याच्या पुढच्या आषाढात निरोप आला, की आता दुसऱ्या डोळ्यातही ठणका लागलाय आणि दिव्याभोवती तिला रंगीत कडी दिसतात. मी रजा टाकली, ट्रंक भरली आणि निघालो.

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या दोन पाटलांचा दावा अजून कोर्टात चालू आहे आणि मला साक्षीदार व्हायचं नाही.

कऱ्हाड

कुंभार्ली घाट चढून मोटार पाटणच्या वाटेला लागेपर्यंत शेजारच्या गृहस्थानं माझं नाव, पगार, मुलींची लग्नं आणि पोटाचा विकार एवढं सगळं काढून घेतलं होतं. आमच्याकडे एखाद्याला कुठे निघालात असं विचारलं, तर तो "हा इथेच" म्हणतो आणि मुंबईची बोट पकडतो. देशावरचा माणूस सगळं विचारतो आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत स्वतःचं सांगायला लागतो. यातला कोणता स्वभाव बरा यावर मी वाटभर विचार केला आणि दोन्ही वाईट असं ठरवलं.

कऱ्हाडला उतरल्यावर आधी एका डॉक्टरांना गाठलं आणि आक्काचं दुखणं सांगितलं. त्यांनी ऐकताऐकताच मान हलवली. म्हणाले, "हा काचबिंदू दिसतो. माझ्याकडे याच्यावर इलाज नाही. मिरजेला न्या, आणि लगेच न्या. चारपाच दिवसांवर गेलं तर नजर जाईल, आणि गेलेली नजर मिरजेलाही परत मिळत नाही."

ते ऐकून पोटात खड्डा पडला. तो भरायला मी खाणावळीत गेलो ही माझी चूक. ताटात आलेल्या तांबड्या आमटीनं माझ्या कानांतून वाफ काढली. वाढणाऱ्याला म्हटलं, जरा कमी तिखट काही आहे का? तो आत जाऊन एक वाटी घेऊन आला. तिच्यात मिरचीचा ठेचा होता, वर तेल घातलेला. तेलानं तो सौम्य होतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

गाडी जुंपेपर्यंत संगमावर जाऊन आलो. कृष्णा आणि कोयना तिथे अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात आणि मग निमूटपणे एकत्र वाहायला लागतात. नद्यांना भाऊबंद नसतात म्हणून हे जमतं.

गाव

मला न्यायला गावातले एक सुभेदार आले होते. पलटणीतून नुकतेच निवृत्त झालेले, मिशांना पीळ, पायांत अजून सरकारी बूट. वाटेत त्यांनी मला सगळी इटली दाखवली. तोफा चालू असताना पलटणीनं एक नदी कशी पार केली, हे त्यांनी चाबकाच्या मुठीनं गाडीच्या फळीवर आखून सांगितलं.

गाव आलं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि समोर गावकुसाच्या भिंतीत चांगली उंच दगडी वेस. वेशीबाहेर गाड्यांची रांग उभी होती. मी खाली उतरलो, ट्रंक उचलली आणि सरळ वेशीकडे निघालो. सुभेदारांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, हितनं न्हाई."

"का? वेस उघडीच आहे की."

"उघडी न्हाई. ती बगा."

मी पाहिलं. वेशीत छातीच्या उंचीवर गवताची एक दोरी आडवी बांधलेली होती, तिला पिंपळाची वाळकी पानं लटकत होती. दुसरं काही नव्हतं. सुभेदार खाली बसले, त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि मला म्हणाले, "चला, वड्यातनं जाऊ." इटलीतली नदी पार केलेला तो गडी मला घेऊन गावाला अर्धा वळसा घालून गेला. गुडघाभर पाण्यातून आम्ही ओढा ओलांडला आणि भिंतीला पडलेल्या एका खिंडारातून वाकून आत शिरलो. माझं धोतर चिखलानं भरलं होतं. भूमितीची अशी अवहेलना मी शाळेतही पाहिली नव्हती.

त्या दोरीची हकीकत अशी. त्या मुलखात आषाढात बेंदूर करतात, म्हणजे बैलांचा सण. बैल रंगवायचे, मिरवायचे, आणि संध्याकाळी वेशीत गवताची दोरी बांधायची. तिला कर म्हणतात. पाटलाचा बैल पळत येऊन ती कर तोडतो आणि मग सगळं गाव त्याच्या मागून वेशीतून आत येतं. या गावात पाटलांच्या घराण्याच्या दोन पात्या, म्हणजे शाखा, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीचे दौलतराव, धाकट्या पातीचे बापूराव. सातआठ वर्षांपूर्वी कर बांधून झाली होती, दोन्हीकडचे बैल सजून उभे होते, आणि पहिला बैल कुणाचा यावरून काठ्या निघाल्या. प्रकरण साताऱ्याला कोर्टात गेलं. कोर्टानं हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत सगळं 'जैसे थे' ठेवा. आता, हुकूम झाला तेव्हा कर बांधलेलीच होती. तेव्हा गावानं ती जैसे थे ठेवली.

"म्हणजे तेव्हापासून वेस बंद?"

"बंद न्हाई वं. वेस हाय की. फकस्त जाता येत न्हाई."

"आणि खालून वाकून गेलं तर?"

सुभेदारांना माझी कीव आली. "खालनं ग्येलं तरी ग्येलंच की. गावातला परत्येक गडी ह्या न्हाईतर त्या पातीचा. जो जाईल त्येच्या पातीनं वेस वलांडली आसं धरत्यात. मग मान त्या पातीचा, म्हून दुसरी पाती काठ्या घिऊन आडवी येती."

"सुभेदार, तुम्ही तोफांसमोर नदी पार केलीत."

"तितं दुस्मन हुता, मास्तर. हितं भाऊबंद हाय."

गवत कुजतं, म्हणून दर बेंदराला दोन्ही पाटील मिळून नवी दोरी वळतात. वर्षातून तेवढंच एक काम ते एकत्र करतात, आणि अतिशय नीट करतात.

आक्का पडवीत डोळ्याला ओलं फडकं लावून बसली होती. शेजारी गोदा होती. गोदा म्हणजे बापूरावांच्या थोरल्या भावाची बायको. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला, तेव्हापासून दिराच्या घरी राबते. आक्काचं पाणीही तीच आणते, नदीवरून, आणि अर्थात ओढ्याच्या वळशानं. मी आक्काला म्हटलं, उद्या पहाटे निघायचं.

"उंद्या बेंदूर हाय," गोदा म्हणाली. "उंद्या कुनी बैल जुपनार न्हाई."

"डोळा चाललाय हिचा."

"तुमी सांगा की बैलांना," गोदा म्हणाली आणि घागर घेऊन गेली. तिचं बोलणं असंच असतं.

आक्का मात्र शांत होती. "एक दिवसानं काय होतंय, भाऊ. लय घाई करू नगंस." तिच्या तोंडून हे 'लय' आणि 'नगंस' ऐकून मला आणखी राग आला. बहीण देशावर दिली, म्हणजे भाषासुद्धा दिली.

बेंदूर

सणाचं जेवण दौलतरावांकडे झालं. पाहुण्यानं एकटं जेवू नये म्हणून ते स्वतः बोलवायला आले. आमच्याकडे दुपारी कुणी आलं तर "जेवूनच आला असाल" असं म्हणण्याची सभ्य पद्धत आहे. इथे माणसाला मांडी घालून बसवतात आणि तो हात आडवा करेल त्या हातावर पोळी वाढतात. पुरणपोळीवर तूप, कटाची आमटी, पुन्हा पोळी. मी नको म्हटलं की दौलतरावांचा चेहरा पडायचा, घेतली की पुढची यायची. दुसऱ्याच्या पोटावर इतकी सत्ता गाजवणारा माणूस वेशीतून बाहेर पडू शकत नाही, याची मला मधूनमधून आठवण होत होती.

आक्काला जेवायला कुणी बोलावलं नव्हतं. विधवेला सणाच्या पंगतीला बोलावत नाहीत, हे आमच्याकडेही तसंच. त्या एका बाबतीत घाटाच्या वर आणि खाली काडीचाही फरक मला आढळला नाही. गोदानं म्हणे पहाटेपासून बापूरावांच्या घरी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, आणि सवाशिणींची पंगत उठल्यावर मागल्या सोप्यात, म्हणजे मागच्या पडवीत, एकटीनं जेवली.

संध्याकाळी दोरीचा समारंभ पाहिला. दोन्ही पाटील समोरासमोर बसून गवत वळत होते. पीळ सारखा पडतोय की नाही हे दोन्हीकडची माणसं वाकूनवाकून पाहत होती. दोरी चढली, दोन्ही पात्यांचे बैल, शिंगांना रंग आणि अंगावर झुली घेतलेले, आतल्या बाजूनं दोरीपर्यंत आणले, ओवाळले आणि परत गोठ्यात नेले. बैलांच्या तोंडावर मला आश्चर्य दिसलं, पण तो माझा भास असेल. त्यांनाही आता सवय झाली असणार.

परततानाच डोंगराकडे काळं झालं होतं. सकाळी उठलो तर ओढ्याचा आवाज घरात येत होता. जाऊन पाहिलं, तर कालच्या गुडघाभर पाण्याच्या जागी तांबडा लोंढा धावत होता आणि त्यातून एक आख्खं बाभळीचं झाड चाललं होतं. आक्कानं रात्र बसून काढली होती. ती कण्हत नव्हती, पण भिंतीला डोकं टेकवून बसली होती, आणि मी समोर उभा राहिलो तरी तिला मी कोण ते कळेना.

मी वेशीत जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही पाटलांना बोलावलं. ते आले, दोन बाजूंच्या दोन दगडांवर बसले. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. दोघांनाही मनापासून वाईट वाटलं. ते खरं होतं, म्हणूनच जास्त चीड आली.

"आक्का आमाला आईवानी हाय," दौलतराव म्हणाले. "आमच्या समद्या पोरांना तिच्या मास्तरांनी शिकिवलं. माजा बैल आत्ता आनतो, कर तोडतो, आनि आक्काला कऱ्हाडला पोचिवतो."

"तुमी कशाला तरास घेताय," बापूराव म्हणाले. "माजा बैल हाय की. आक्कासाटनं मी कायबी करीन."

"आदी मी बोललो."

"मानूस मरतंय हितं, आनि तुमी आदी-मागनं काय काडताय?"

दोघंही परोपकाराला एका पायावर तयार होते. अडचण एवढीच होती की परोपकार करू द्यायला दुसरा तयार नव्हता. मी म्हटलं, दोघे मिळून तोडा. दोघेही म्हणाले, मग मान कुणाचा? मी म्हटलं, मी परका माणूस, मी तोडतो. यावर बापूराव हळूच म्हणाले, "काल पोळी कुनाकडं खाल्लीसा, मास्तर?"

दौलतराव मिशीत हसले. आदल्या दिवशीच्या त्या आग्रहाचा अर्थ मला तेव्हा समजला. एका जेवणात मी थोरल्या पातीचा झालो होतो.

मग सुभेदारांनी ओढ्यावरून दोर टाकून आक्काला खाटेवर पलीकडे न्यायची योजना मांडली. आधी वजन घालून दोर तपासायचा म्हणून माझी ट्रंक बांधली. ट्रंक निम्म्यापर्यंत गेली, एकदा वर आली, आणि माझी दोन धोतरं, कोट आणि भूमितीचं पुस्तक घेऊन कृष्णेकडे निघून गेली. सुभेदारांनी उरलेला दोर गुंडाळला. म्हणाले, "इटलीत दोर चांगला हुता."

आम्ही वेशीत परत आलो तेव्हा गर्दी जमली होती. वाद आता आक्कावरून उठून पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी बांधावर गेला होता. दुखणाईत माणसाच्या उशाशी बसून माणसं आपापली जुनी दुखणी काढतात हे मी घरोघरी पाहिलं आहे, पण इथे सगळं गाव ते करत होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सरली. गोदाचा हात धरून आक्का येत होती. डोळ्यावर फडकं, पाय चाचपत. दोरीशी आल्यावर तिनं हात पुढे करून दोरी चाचपली, गोदाला म्हणाली, "इळा दे," आणि गोदानं पदराआडून काढून दिलेल्या विळ्यानं एका ओढीत दोरी कापली. पानांसकट दोन्ही टोकं खाली पडली. आक्का वेशीतून चालत बाहेर गेली आणि पलीकडे उभी राहिली.

मला वाटलं, आता काठ्या निघणार. दौलतरावांनी बापूरावांकडे पाहिलं. बापूरावांनी दौलतरावांकडे पाहिलं. सातआठ वर्षांत ते बहुधा पहिल्यांदाच वाद न घालता एकमेकांकडे पाहत होते.

"आक्का कुनाच्या पातीची?" दौलतरावांनी विचारलं.

"कुनाचीच न्हाई," बापूराव म्हणाले. "नवरा ग्येला, पोरबाळ न्हाई. कुनाच्या पानावर जेवली न्हाई."

"आनि बाईमानूस. त्यात आशी."

"तर वं. आक्का धरायचीच न्हाई."

"न्हाईच धरायची."

गर्दीनं सुस्कारा सोडला. एवढ्यात मिटलं. लोक हसायलासुद्धा लागले. आक्का पलीकडून ऐकत होती. ती आवाजाच्या दिशेनं वळली.

"म्हंजे इतकी वर्सं मी हितनं जाऊ शकत हुते?"

दौलतराव खाली पडलेली पिंपळाची पानं गोळा करू लागले.

"वड्यात पाय घसरून माजं कंबरडं मोडलं, दोन म्हयने हातरुनावर हुते. आनि मी कुनी धरायचीच नव्हते, तर एकानं बी मला सांगितलं का न्हाई?"

खरं उत्तर अगदी साधं होतं. कुणाच्या डोक्यात आक्का आलीच नव्हती. वैरी रोज आठवतो. आक्का आठवायला ती आंधळी व्हावी लागली.

मी तिच्यामागून जायला निघालो, तर बापूरावांनी हात आडवा केला. "मास्तर, तुमी थांबा. तुमी थोरल्या पातीचं." माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं. शेवटी सुभेदारांनी तोडगा काढला. बापूरावांच्या घरून कालची पोळी आणवली गेली, आणि मी वेशीत उभा राहून, बहीण पलीकडे डोळा धरून उभी असताना, सगळ्या गावासमोर ती शिळी पुरणपोळी खाल्ली. दोन्ही पात्यांचं खाल्ल्यामुळे मी आता कुणाचाच उरलो नाही असं एकमतानं ठरलं. मग मला सोडलं. रस्त्यावर कऱ्हाडला जाणारी एक रिकामी गाडी मिळाली. तीत बसताना मागे पाहिलं, तर दोघे पाटील कापलेली टोकं जुळवून गाठ मारत होते.

मिरज आणि सांगली

मिरजेच्या दवाखान्यात आक्काच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, थोडी नजर गेली ती गेली, बाकीची राहील. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीनं मला आपल्याजवळचे चुरमुरे दिले आणि माझं कोण गेलं म्हणून विचारलं. कुणी गेलं नाही म्हटल्यावर तिनं चुरमुरे परत घेतले नाहीत, एवढं मी त्या मुलखाच्या जमेला धरतो.

पट्टी सुटेपर्यंत मी सांगलीत मेव्हण्यांच्या एका जुन्या स्नेह्याकडे उतरलो. हे जैन गृहस्थ, हळदीचा व्यापार. घरात, अंगणात, अंथरुणात, सगळीकडे हळदीचा वास. दिवस मावळायच्या आत ते जेवतात, म्हणून मलाही उन्हात जेवावं लागे आणि दिवे लागले की पुन्हा भूक लागे. माणूस सज्जन आणि मोजकं बोलणारा. वाटलं, ह्या शहाण्या माणसाला दोरीची गोष्ट सांगावी, म्हणजे निदान कुणीतरी माझ्याबरोबर हसेल.

त्यांनी सगळी गोष्ट डोळे मिटून ऐकली. मग विचारलं, "पण मास्तर, मान खरा कुनाचा हाय?"

"म्हणजे?"

"न्हाई, म्हंजे दावा कुनाचा भक्कम?"

"अहो, उघड आहे," मी म्हणालो, "थोरल्या पातीचाच. वडिलकीचा हक्क म्हणून काही आहे की नाही?" आणि मग मी पाऊण तास थोरल्या पातीची बाजू मांडली. त्यांनी धाकट्या पातीची मांडली. त्यांनी ते गाव कधी पाहिलं नव्हतं. आवाज इतके चढले की आतून त्यांच्या मंडळी डोकावून गेल्या. अंथरुणावर पडल्यावर मला स्वतःची शिसारी आली. पण तरीही हक्क थोरल्या पातीचाच आहे.

परत

पट्टी सुटल्यावर मी आक्काला म्हटलं, आता सरळ कोकणात. तिनं माझ्या तोंडावर हात फिरवला, मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हातारा झालास रे." हे तिनं आमच्या भाषेत म्हटलं. मग म्हणाली, "कोकणात मी तुझ्या घरात एका कोपऱ्यात बसेन. इथे मला घर आहे. आणि गोदा एकटी आहे." मी बरंच समजावलं. शेवटी रागारागानं तिला पोचवायला निघालो.

गावाशी आलो तेव्हा ऊन पडलं होतं, नागपंचमी तोंडावर आली होती. ओढा उतरला होता, पण चिखल मांडीभर. वेशीतली दोरी जागच्या जागी, मधे गाठ. आतल्या बाजूला दोन दगडांवर दोन पाटील. आक्का गाडीतून उतरली, सावकाश चालत गेली, बोटांनी गाठ सोडली आणि आत गेली. मीही गेलो. आम्हाला कुणी काही म्हटलं नाही. आम्ही धरायचे नव्हतो.

पण आत गोदा उभी होती, कमरेवर रिकामी घागर घेऊन. आक्का तिच्याजवळून पुढे गेली आणि गोदा सरळ वेशीतून बाहेर पडून नदीच्या वाटेला लागली.

बापूराव ताडकन उठले. "बगा, समद्यांनी बगा. धाकट्या पातीचं मानूस वेशीतनं ग्येलं. मान आमचा."

"त्ये कसं?" दौलतरावही उठले. "रांडमुंड बाई धरायची न्हाई, तूच बोल्लास."

"ती आक्काची गोस्ट. आक्काला कोन हाय? गोदा माज्या घरातली हाय. माज्या सख्ख्या थोरल्या भावाची बायकू. ती धाकट्या पातीची न्हाई तर कुनाची?"

हे बिनतोड होतं. मला दिसत होतं की कोर्टातही ते टिकेल. सातआठ वर्षांचा दावा बापूरावांनी तिथल्या तिथे जिंकला होता. लोक गोळा झाले. कुणीतरी बैल आणायला पळालासुद्धा.

गोदा परत आली. वेशीच्या मधोमध तिनं घागर खाली ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "आज मी घरातली झाले व्हय?"

"हाईसच की."

"मग परवा पंचमीला सवाशिनींच्या पंगतीत माजं पान मांडा. मागल्या सोप्यात न्हाई. पंगतीत, जावंच्या शेजारी. मांडलंसा तर मी धाकट्या पातीची. समद्या गावाफुडं सांगते, कोर्टात येऊन सांगते. मान तुमचा." ती थांबली. "न्हाई मांडलंसा तर मी बी आक्कासारकी, कुनाचीच न्हाई. मग रोज हितनंच पान्याला जाईन."

सगळे बापूरावांकडे पाहू लागले. मीही. एक पान, दोन पोळ्या आणि चमचाभर तूप, एवढ्याचा प्रश्न होता. ज्या मानासाठी या माणसानं गावाला वर्षानुवर्षं ओढ्यातून चालवलं, माझ्या बहिणीचा डोळा जाऊ दिला असता, तो मान समोर उभा राहून एक पान मागत होता.

बापूराव गोदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी खाली पाहिलं. वाकून त्यांनी जमिनीवरचं दोरीचं टोक उचललं.

दुसरं टोक दौलतरावांनी धरलं, गाठ नीट बसावी म्हणून.